आरेखन-फलकावरून संगणकाच्या पडद्याकडे

सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, नगररचना अशा खात्यांच्या कार्यालयांत अनुरेखक, सहायक आरेखक आणि आरेखक ही पदे अनेक दशके प्रतिष्ठेची मानली गेली. अभियंत्याच्या टिपणांवरून आणि कच्च्या आकृत्यांवरून मूळ नकाशा तयार करणे हे आरेखकाचे काम होते. त्या नकाशावर पारदर्शक कापड किंवा कागद ठेवून शाईने त्याची प्रत उतरवणे हे अनुरेखकाचे काम. खासगी वास्तुविशारदांच्या कार्यालयांत आणि कारखान्यांत आरेखकालाच ड्राफ्ट्समन म्हणत. आज ही सर्व कामे संगणकावर होतात. तरीही फलकावर पंचवीस-तीस वर्षे काम केलेली माणसे अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्याजवळचे ज्ञान अत्यंत मोलाचे आहे. अशा कसबी माणसाला संगणकीय आरेखन कसे आत्मसात करता येते, त्यात नेमके काय बदलते आणि काय तसेच राहते, याची मांडणी या लेखात केली आहे. माउस हाताळणे अवघड जाते असा सर्वसाधारण समज आहे, पण ती अडचण आठवड्याभरात संपते. खरी अडचण मोजप्रमाणाच्या कल्पनेत असते आणि शिकवणाऱ्याचे दुर्लक्ष नेमके तिथेच होते.

फलकावरच्या आरेखनामागे जे शास्त्र आहे, त्याची पद्धतशीर मांडणी गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाने केली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेझिएर येथील लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात किल्ल्यांची रचना ठरवताना त्याने ही पद्धत शोधली. घन वस्तूचे प्रक्षेप परस्परांना काटकोनात असलेल्या दोन प्रतलांवर घ्यायचे आणि त्या दोन सपाट आकृत्यांवरून वस्तूचे संपूर्ण रूप सिद्ध करायचे, असे तिचे स्वरूप होते. तिचे लष्करी महत्त्व इतके होते की कित्येक वर्षे ती गुप्त ठेवण्यात आली. मोंजने १७९५ मध्ये पॅरिसमध्ये तिच्यावर व्याख्याने दिली आणि १७९९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे १८२२ मध्ये केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी समप्रमाण प्रक्षेपाची, म्हणजे आयसोमेट्रिक दृश्याची, शिस्तबद्ध मांडणी केली. तलचित्र, दर्शनी दृश्य, बाजूचे दृश्य आणि छेद ही आरेखकाची भाषा या परंपरेतून आली आहे. भारतात भारतीय मानक ब्यूरोच्या संहितेनुसार पहिल्या कोनाचा प्रक्षेप वापरतात, तर अमेरिकेत तिसऱ्या कोनाचा वापरतात. हे ज्ञान कोणत्याही उपकरणावर अवलंबून नाही. ज्याला छेद कुठून घ्यावा हे कळते, त्याला ते संगणकासमोर बसल्यावरही कळते.

महाराष्ट्रात या विद्येच्या शिक्षणाचा इतिहास जुना आहे. १८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. इमारती, कालवे, रेल्वे आणि पूल यांच्या कामांवर लागणारे दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करणे हा त्याचा हेतू होता. त्याच वर्गातून पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात १८९६ मध्ये वास्तुविशारदांच्या कार्यालयांना साहाय्यक पुरवण्यासाठी ड्राफ्ट्समनचा वर्ग सुरू झाला आणि तिथल्या वास्तुकलाशिक्षणाची ती पहिली पायरी ठरली. स्वातंत्र्योत्तर काळात औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील स्थापत्य आणि यांत्रिकी आरेखकांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांनी गावोगावच्या तरुणांना या व्यवसायात आणले.

या आरेखकाची साधने एकदा नीट पाहायला हवीत, कारण संगणकीय आज्ञावलीतील बहुतेक सोयींचे मूळ या साधनांत आहे. फलकाच्या डाव्या कडेवर टेकून वरखाली सरकणारा टी-स्क्वेअर समांतर आडव्या रेषा देई. त्यावर ठेवलेले ४५ अंशांचे आणि ३०-६० अंशांचे गुण्ये उभ्या व तिरप्या रेषा देत. मिनी-ड्राफ्टर फलकाला घट्ट बसवला की त्याच्या समांतरभुज सांध्यांमुळे दोन्ही पट्ट्यांची दिशा फलकावर कुठेही कायम राही. शाईकामासाठी तांत्रिक पेनांचा संच असे आणि त्यांच्या नळ्यांची जाडी ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशी वाढत जाई. प्रत्येक जाडी मागच्या जाडीच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतकी. कागदाचे आकारही याच गुणोत्तराने वाढतात. ए-१ कागद ५९४ × ८४१ मिलिमीटरचा आणि ए-० कागद ८४१ × ११८९ मिलिमीटरचा असतो. त्यामुळे नकाशा एका आकारातून दुसऱ्या आकारात मोठा किंवा लहान केला तरी रेषांची जाडी संचातल्या पुढच्या किंवा मागच्या पेनाशी जुळते. शाईची चूक झाल्यास दाढीच्या पात्याने ट्रेसिंगचा पृष्ठभाग हळुवार खरवडून ती काढावी लागे. एकाच जागी तीनदा खरवडले की कागद फाटे. चुकीची किंमत इतकी मोठी असल्यामुळे आरेखक रेघ ओढण्यापूर्वी संपूर्ण कागदाची मांडणी मनात करी. तलचित्र कुठे बसेल, छेदाला किती जागा लागेल, टिपा कुठे येतील, हे सारे आधीच ठरलेले असे.

संगणकावरील आरेखनाचा आरंभ सामान्यतः इव्हान सदरलँड यांच्या स्केचपॅड या आज्ञावलीपासून मानतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पीएचडी प्रबंधासाठी त्यांनी टीएक्स-२ या संगणकावर ती तयार केली आणि १९६३ मध्ये सादर केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेषा काढायच्या आणि त्या समांतर, परस्परलंब किंवा समान लांबीच्या आहेत असे संगणकाला सांगायचे. मग संगणकाने ती अट पाळून आकृती सरळ करायची, ही तिची विलक्षण कल्पना होती. एकदा काढलेल्या आकृतीच्या अनेक प्रती चित्रात वापरणे आणि मूळ बदलताच सर्व प्रती बदलणे, हेही तिच्यात होते. आजच्या प्राचलिक, म्हणजे पॅरामेट्रिक, आरेखनाची बीजे तिथे स्पष्ट दिसतात. जहाजबांधणीत आरेखक लवचीक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी दाबून धरीत आणि तिच्या कडेने वक्ररेषा ओढीत. त्याच प्रकारच्या वक्रांना गणिती रूप देण्याचे काम फ्रान्समध्ये सिट्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांनी मोटारींच्या आकारांसाठी केले. १९८२ मध्ये ऑटोडेस्क कंपनीने ऑटोकॅड ही आज्ञावली वैयक्तिक संगणकासाठी आणली आणि लहान कार्यालयांना हे तंत्र परवडू लागले. १९९४ मध्ये प्रथम उड्डाण केलेले बोइंग ७७७ हे संपूर्णपणे संगणकावर आरेखित झालेले पहिले प्रवासी जेट विमान मानले जाते.

या आज्ञावल्यांचे वर्गीकरण अनेक प्रकारे करतात. आरेखकाच्या दृष्टीने मात्र एकच भेद महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे आज्ञावली रेषा साठवते की वस्तू साठवते. ऑटोकॅड, झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड किंवा मुक्त स्रोतातील लिब्रेकॅड यांत द्विमितीय काम करताना आपण रेषा, वर्तुळे आणि कंस साठवतो. त्या रेषा भिंतीच्या आहेत की शाफ्टच्या, हे संगणकाला ठाऊक नसते. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर, फ्रीकॅड यांसारख्या प्राचलिक आज्ञावल्यांत घनवस्तू साठवली जाते आणि दृश्ये तिच्यापासून आपोआप निघतात. रेविटसारख्या इमारत-माहिती प्रतिरूपणाच्या आज्ञावलीत भिंत ही भिंत म्हणूनच साठवतात. तिला उंची, जाडी आणि साहित्य असते, आणि तलचित्रात ती हलवली की छेदातही हलते. फलकावरून येणाऱ्या माणसाने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या हाताला रेषेची भाषा येते. ती भाषा नव्या साधनावर पक्की झाली की वस्तूच्या भाषेकडे जाणे सोपे होते.

आता मोजप्रमाणाकडे वळू. फलकावर रेघ ओढण्यापूर्वीच प्रमाण ठरवावे लागे. १:१०० ठरले की ३ मीटरची खोली ३० मिलिमीटरची होई आणि आरेखकाच्या हातातली पट्टीही त्याच प्रमाणाची असे. संगणकावर वस्तू नेहमी पूर्ण मापात काढायची असते. ३ मीटरची खोली म्हणजे ३००० मिलिमीटर, तेवढीच. प्रमाणाचा विचार कागदावर छापताना करायचा. हे वाक्य सांगायला एक मिनिट पुरते, पण अंगवळणी पडायला महिने लागतात. याचे कारण असे की प्रमाण ही आरेखकाच्या डोळ्याची सवय असते. १:५० च्या नकाशात दरवाजा किती मोठा दिसतो हे त्याला न मोजता कळते, आणि पडद्यावर मात्र तोच दरवाजा क्षणात बोटाएवढा तर क्षणात हाताएवढा होतो. अक्षरांचा घोटाळाही इथूनच सुरू होतो. कागदावर २.५ मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे असेल, तर १:१०० च्या नकाशासाठी पूर्ण मापाच्या चित्रात ते २५० मिलिमीटर उंच लिहावे लागते, आणि १:२० च्या तपशिलासाठी ५० मिलिमीटर. मध्यरेषा आणि लपलेल्या कडांच्या तुटक रेषा सलग दिसतात, तेही याच कारणाने. तुकड्यांची लांबी चित्राच्या मानाने इतकी कमी असते की त्या एकमेकांत मिसळल्यासारख्या वाटतात. अशा वेळी आज्ञावली बिघडली असे नवशिक्याला वाटते. रेषाप्रकाराचे प्रमाण वाढवले की तुकडे पुन्हा दिसू लागतात. कागदाचे वेगळे अवकाश आणि त्यावर ठरलेल्या प्रमाणाच्या खिडक्या ही सोय ऑटोकॅडमध्ये १९९० च्या सुमारास आली. फलकावरच्या आरेखकाला ती लवकर पटते, कारण तिच्यात कागद पुन्हा कागदासारखा दिसतो. चौकट, शीर्षकपट्टी, उत्तर दिशा आणि नकाशांची मांडणी सारे पूर्वीप्रमाणेच असते. म्हणून ही सोय शेवटच्या धड्यासाठी राखून ठेवू नये, पहिल्या आठवड्यातच दाखवावी.

प्रमाणाशी जोडलेली दुसरी बाब रेषेच्या जाडीची आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. ०.२५ मिलिमीटर जाडीची शाईची रेघ १:१०० च्या नकाशात प्रत्यक्ष जमिनीवरचे २५ मिलिमीटर झाकते. म्हणजे जमिनीवरच्या एका इंचाएवढी अनिश्चितता रेषेच्या पोटात सामावत असे, आणि कोणाचेही काही बिघडत नसे. कारण बांधणारा मिस्त्री लिहिलेले माप वाचत असे, रेघ मोजत नसे. संगणकाच्या स्मृतीतील रेषेला जाडी नसते. तिला फक्त दोन टोके असतात आणि ती अनेक दशांश स्थळांपर्यंत नोंदलेली असतात. नऊ इंची भिंत घ्या. नऊ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, पण नकाशावर रूढीने २३० लिहितात. हा १.४ मिलिमीटरचा फरक १:१०० च्या कागदावर ०.०१४ मिलिमीटर होतो आणि कोणत्याही पेनाच्या रेषेपेक्षा कितीतरी बारीक असतो. तसेच दहा फुटांची खोली ३०४८ मिलिमीटर असताना ३०५० लिहिली जाते. फुटांतला जुना नकाशा मिलिमीटरमध्ये उतरवताना कुठे अचूक रूपांतर आणि कुठे रूढ आकडा असे मिश्रण झाले, तर सलग चार खोल्यांनंतर बाहेरच्या भिंती जुळत नाहीत. कागदावर जो फरक कधी दिसलाच नसता, तो पडद्यावर उघडा पडतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी एकच नियम ठरवून तो पाटीवर लिहून ठेवणे इष्ट आहे.

याच कारणाने कोपऱ्यांची शिस्त नव्याने शिकावी लागते. वास्तुविशारदांच्या कार्यालयांत दोन रेषा कोपऱ्यात किंचित एकमेकींच्या पुढे नेण्याची सुंदर पद्धत होती आणि तिच्यामुळे कोपरा ठसठशीत दिसे. डोळ्याने जुळवलेला कोपरा पडद्यावर जुळल्यासारखा दिसतो, पण चित्र शंभरपट मोठे केले की दोन टोकांत दोन मिलिमीटरची फट असल्याचे कळते. भिंतीत विटेची रेखांकने भरायची वेळ आली की संगणक सीमा बंद नसल्याचे सांगतो आणि आरेखक अर्धा तास ती फट शोधत बसतो. यावर उपाय आहे टोक पकडण्याच्या सोयीचा, ज्याला ऑब्जेक्ट स्नॅप म्हणतात. रेषेचे टोक, मध्य, छेदनबिंदू, लंब, स्पर्शबिंदू यांपैकी नेमके काय हवे ते संगणक स्वतः पकडतो. फलकावर वर्तुळाला स्पर्शरेषा काढताना केंद्र जोडून लंब टाकण्याची जी भौमितिक कृती आरेखक करीत असे, तीच कृती स्नॅप करतो. आरेखकाला हे असे समजावून सांगितले की त्याचा विश्वास बसतो. ‘बटण दाबा’ एवढेच सांगितले तर बसत नाही. दोन रेषा तंतोतंत जुळवण्यासाठी फिलेट ही आज्ञा शून्य त्रिज्येने वापरायची, ही युक्ती मात्र पहिल्याच दिवशी द्यावी. ती जादा टोक कापते आणि कमी पडलेले टोक वाढवतेही.

दिशांच्या बाबतीतही एक सावधगिरी हवी. आज्ञावलीत कोन सामान्यतः पूर्वेकडून, म्हणजे उजवीकडून, घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. सर्वेक्षणातील संपूर्ण वर्तुळी दिशाकोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. सर्वेक्षकाच्या वहीतील ६० अंश जसेच्या तसे टाकले, तर रेषा ३० अंशांनी चुकते आणि सर्वच कोन तसे टाकले तर जमिनीचा तुकडा आरशातल्यासारखा उलटा होतो. एककांच्या पटलात उत्तर ही आधारदिशा आणि घड्याळाची दिशा निवडता येते. भूमापनाचे काम करणाऱ्या आरेखकाने ती निवड करूनच काम सुरू करावे.

थर, ज्यांना लेयर म्हणतात, ते अनुभवी आरेखकाला समजावून सांगावे लागत नाहीत. एकाच तलचित्रावर वेगवेगळ्या ट्रेसिंगवर विजेची, पाण्याची आणि सांडपाण्याची कामे काढून ती एकमेकांवर ठेवून पाहण्याची पद्धत मोठ्या कार्यालयांत होती. त्यासाठी कागदांच्या कडेला भोके पाडून त्यांत खुंट्या बसवीत. रंगांविषयी मात्र एक मौजेची बाब सांगण्याजोगी आहे. संगणकीय नकाशात रेषेचा रंग छापताना जाडीत बदलतो. लाल रेषा बारीक आणि निळी जाड असे कोष्टक ठरवता येते. हे पाहून नवखा माणूस गोंधळतो. शाईकाम केलेल्या आरेखकाला ते ओळखीचे असते, कारण तांत्रिक पेनांवर जाडीनुसार रंगीत कडी असे. ०.१८ ला लाल, ०.२५ ला पांढरी, ०.३५ ला पिवळी, ०.५ ला तपकिरी आणि ०.७ ला निळी, असा आंतरराष्ट्रीय संकेत होता. कार्यालयाने रेषाजाडीचे कोष्टक याच संकेतावर बेतले, तर जुन्या माणसाला नवे काही पाठ करावे लागत नाही.

फलकाचा एक गुण पडद्याला नाही. फलकावर ए-१ आकाराचा संपूर्ण नकाशा एका दृष्टिक्षेपात असतो. पडद्यावर तपशील पाहावा तर समग्र दिसत नाही आणि समग्र पाहावे तर अक्षरे वाचता येत नाहीत. दाराच्या फटीतून वाडा पाहावा तसे होते. म्हणून जिना तलचित्रात एका बाजूला आणि छेदात दुसऱ्या बाजूला वर चढतो, खिडकीची यादी आणि नकाशातील खिडक्यांची संख्या जुळत नाही, अशा चुका संगणकीय नकाशांत वाढल्या आहेत. काम एक तृतीयांश झाल्यावर आणि पुन्हा दोन तृतीयांश झाल्यावर कागदावर छापून लाल पेन्सिलीने तपासणे, हा जुना शिरस्ता सोडू नये. या कामात फलकावरच्या आरेखकाला तोड नाही, हे अनेक कार्यालयांना उशिरा उमगले. तरुण ऑपरेटर ‘काका, जरा बघता का?’ म्हणून छापील प्रत पुढे करतो आणि काका उभ्या उभ्या तिच्यात तीन विसंगती दाखवतात. त्याच्या बदल्यात तो तरुण त्यांना आज्ञांची आद्याक्षरे सांगतो. शिकण्याची ही देवाणघेवाण कोणत्याही वर्गापेक्षा सरस आहे.

फलकावरची एक सवय मात्र ठामपणे मोडावी लागते. तयार नकाशात ऐनवेळी माप बदलले तर संपूर्ण आकृती खोडण्याऐवजी नवा आकडा लिहून त्याखाली रेघ ओढण्याची मान्य रीत होती. ते माप प्रमाणात नाही, असा त्या रेघेचा अर्थ. संगणकातही मापाचा आकडा पुसून हाताने दुसरा लिहिता येतो आणि जुना आरेखक ते सहज करतो. पण आता नकाशा केवळ माणूस वाचत नाही. त्याच फाइलमधील आकृती पत्रा कापणाऱ्या किंवा धातू कातणाऱ्या संगणकनियंत्रित यंत्राकडे जाते, आणि यंत्र आकडा न वाचता आकृती घेते. आकड्यात १२० आणि आकृतीत ११५ असेल, तर भाग ११५ चाच बनतो. संगणकावर आकृती बदलणे खरवडण्याइतके कष्टाचे नाही, म्हणून आकृतीच बदलावी. माप आपोआप बदलते.

प्रशिक्षणाचा क्रम कसा असावा, याविषयी शिकवणाऱ्यांत मतभेद आहेत. पुस्तके सहसा आज्ञांच्या यादीने सुरू होतात. तशा क्रमाने अनुभवी माणसाला शिकवणे हा त्याचा अपमान होतो आणि वेळही वाया जातो. त्याने स्वतः फलकावर काढलेला एखादा जुना नकाशा, शक्यतो एकमजली घराचे तलचित्र किंवा साधा यांत्रिक भाग, समोर ठेवावा आणि तोच पुन्हा संगणकावर काढायला सांगावा. काय काढायचे याचा विचार करावा लागत नसल्याने सर्व लक्ष कसे काढायचे याकडे जाते. त्यासाठी दहा-बारा आज्ञा पुरतात. रेषा, वर्तुळ आणि कंस काढणे, ठरावीक अंतरावर समांतर प्रत काढणारी ऑफसेट, कापणारी ट्रिम, वाढवणारी एक्स्टेंड, प्रतिबिंब, प्रत आणि सरकवणे, रेखांकने, माप आणि अक्षर. भिंत काढायची तर बाहेरची एक रेषा काढून ऑफसेट २३० द्यायचा, आडव्या भिंतींचेही तसेच करायचे, कोपरे शून्य त्रिज्येच्या फिलेटने जुळवायचे आणि दाराची फट ट्रिमने कापायची. फलकावरही तो हेच करीत असे, फक्त समांतर रेषेसाठी टी-स्क्वेअर सरकवीत असे. आज्ञा कळफलकावर आद्याक्षरांनी द्याव्यात आणि डावा हात कळफलकावर, उजवा माउसवर ठेवण्याची सवय लावावी. फलकावर दोन्ही हात कामात असत. चिन्हांच्या पट्ट्यांत बाण फिरवत बसण्यापेक्षा ही रीत त्याला लवकर जमते. आडव्या-उभ्या रेषांचे बंधन घालणारी एफ-८ ही कळ त्याचा मिनी-ड्राफ्टर होते. पुन्हा पुन्हा वापरायच्या आकृत्यांचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, आणि थर दुसऱ्या नकाशात शिकवावेत. वेगाची अपेक्षा पहिले तीन-चार महिने ठेवू नये. या काळात फलकापेक्षा अधिक वेळ लागतो आणि नेमके तेव्हाच बहुतेक जण माघार घेतात.

जुने कागदी नकाशे संगणकात आणण्याचे काम प्रचंड आहे, आणि तेथे फलकावरच्या आरेखकाची पारख अपरिहार्य ठरते. नकाशा स्कॅन करून त्यावरून रेषा उतरवणे सोपे वाटते, पण कागद आणि कापड दमट हवेत फुगतात, कोरड्या हवेत आकसतात, आणि दोन्ही दिशांना सारखे बदलत नाहीत. अमोनिया-प्रिंटवरून काढलेल्या प्रतीत यंत्राच्या रुळांनी आणलेला ताणही मिसळलेला असतो. म्हणून रेघ मोजू नये, लिहिलेले माप प्रमाण मानावे, हा मूळ नियम इथे दुप्पट लागू पडतो. जमिनीच्या नकाशांत क्षेत्राचा पडताळा घेता येतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, अर्थात १०८९ चौरस फूट, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. संगणकाने काढलेले क्षेत्रफळ अभिलेखातील गुंठ्यांशी ताडून पाहिले की ताण कुठे आहे ते ध्यानात येते.

मराठी नकाशांत अक्षरांचा स्वतंत्र प्रश्न आहे. ऑटोकॅडच्या मूळ रेषारूप अक्षरांत देवनागरी नाही. पूर्वी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व टंकांनी मराठी लिहीत असत आणि तो टंक नसलेल्या संगणकावर गावांची, ओढ्यांची, रस्त्यांची नावे निरर्थक चिन्हांत बदलत. आता युनिकोड टंक वापरून हा दोष टाळता येतो. जुन्या फाइल दुरुस्त करताना नावे पुन्हा टंकलिखित करावी लागतात आणि ती अचूक वाचण्यासाठी मूळ कागद जवळ ठेवावा लागतो.

शासकीय व्यवस्थेनेही या स्थित्यंतराला वेग दिला. पुणे महानगरपालिकेसह राज्यातील अनेक नागरी संस्थांत इमारतींचे आराखडे ऑटो-डीसीआर पद्धतीने तपासतात. भूखंडाची सीमा, बांधकामाचे क्षेत्र, समासातील मोकळी जागा आणि वाहनतळ हे सर्व ठरलेल्या नावांच्या थरांवर बंद बहुभुजांच्या रूपात काढावे लागते. आज्ञावली ते बहुभुज वाचते, क्षेत्रफळे काढते आणि नियमांशी ताडते. मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे आणि तपासणी तिच्या आधारे होते. इथे न जुळलेला कोपरा किंवा चुकीच्या थरावरची रेषा म्हणजे प्रस्ताव परत येणे. थरांची नावे पाळण्याचा कंटाळा करणाऱ्या आरेखकाला ही एकच गोष्ट शिस्त लावते.

द्विमितीय काम हातात बसल्यावर घनवस्तूंच्या आज्ञावलीकडे जाता येते, आणि तेथे मोंजचा आरेखक पुन्हा आपल्या जागी येतो. घनवस्तू तयार झाली की तिची दृश्ये संगणक काढतो, पण कोणती दृश्ये द्यायची, छेद कुठून घ्यायचा, कोणती मापे कारागिराला हवीत आणि कोणती गोंधळ वाढवतील, हे तो ठरवत नाही. शिवाय परदेशी साच्यावर सुरू केलेल्या फाइलमध्ये दृश्ये अनेकदा तिसऱ्या कोनात मांडली जातात. उजवीकडचे दृश्य उजवीकडे येते. भारतीय कारखान्यातील कारागीर ते पहिल्या कोनाचे समजून वाचतो आणि खाच विरुद्ध बाजूला पडते. म्हणून नवी फाइल उघडताच मानकांच्या पटलात पहिल्या कोनाचा प्रक्षेप निवडावा, त्याचे छिन्नशंकूचे चिन्ह शीर्षकपट्टीत आले आहे याची खात्री करावी आणि हा साचा कार्यालयाच्या सर्व संगणकांवर ठेवावा.